मेघावतीच्या सात नद्या

लढाईला दोन वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला चार महिने. यजमान पलटणीबरोबर दूर देशी गेले होते. कृष्णाकाठच्या त्या घरात मी, मामंजी आणि आत्याबाई अशी आम्ही तीनच माणसं राहिलो होतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आधीच्या लढाईत खेचरांच्या पलटणीत हवालदार होते. पेन्शनीत आले तरी जनावराच्या दाण्यापाण्याशिवाय त्यांना दुसरा विषय सुचत नसे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आटपाडीकडच्या दुष्काळी मुलखातल्या. त्या फारसं बोलतच नसत.

मी सांगलीची, मास्तरांची मुलगी. दुपारी काम आवरलं की मी चोरून एक अद्भुत कादंबरी लिहीत असे. मेघावती नावाचं ढगांवरचं राज्य, तिथे कधी न आटणाऱ्या सात नद्या, दहा हजार उडते घोडे, आणि पूर्वेच्या उजाड मुलखात राक्षस. कागदाची टंचाई होती, म्हणून वडील शाळेतल्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाठवीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझं राज्य वसत होतं. राजवाडा उलटून पाहिला की कुणाचं तरी चुकलेलं त्रैराशिक दिसे.

एकदा नदीवरून धुणं घेऊन आले, तर मामंजी सोप्यात चष्मा लावून तेच कागद वाचत बसलेले. पदर सावरून मी दाराआड उभी राहिले.

"सूनबाई, ही घोडी उडत्यात?"

"होय, मामंजी."

"दहा हजार घोडी आभाळातनं जाणार. मग लीद कुणाच्या डोक्यावर पडती?"

मी सिंहासनाची रत्नं मोजून बसवली होती, पण लिदीचा विचार केला नव्हता. "खालच्या लोकांच्या शेतात," मी चाचरत म्हणाले.

"मग खत झालं. लिव तसं. आन् वैरण? नाल? खरारा करायला मोतद्दार किती?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नदीवरून चार पाट्या वाळू आणली. पलटणीत लढाईआधी मुलूख वाळूत मांडतात, तसा त्यांनी परसात माझा मुलूख मांडला. काड्यापेट्यांचे तबेले केले, तांबड्या मातीचे डोंगर केले. राज्य ढगांवर आहे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "ढगावर बी चढउतार असनारच की," ते म्हणाले. शेजारचा माणूस कुडावरून बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं घाबरून विचारलं, "सरकार रान घेनार व्हय?"

"ह्यो मुलूख सरकारचा न्हाई, आमच्या सूनबाईचा हाय," मामंजी म्हणाले. तो आणखीच घाबरून गेला.

आत्याबाई उंबऱ्यात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नद्या किती म्हनलीस?"

"सात."

"आन् हिकडं, उगवतीला?"

"तिकडे राक्षस राहतात, आत्याबाई."

"राक्षस पानी पीत न्हाईत व्हय?"

मग त्याच म्हणाल्या, "सातातली येक तिकडं वळीव."

"जमायचं न्हाई," मामंजी कडाडले. "नद्या लष्कराच्या हायत्या."

"साती बी?"

"दहा हजार घोडी हायती!"

"आवं, खोट्याच नद्या त्या! त्या द्यायला बी हात आखडताय?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चार हातांवर बसूनही "मामंजींना सांग, भाकरी वाढलीया," आणि "सासूला सांग, भूक न्हाई," असे निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी परसातून मामंजींची आरोळी आली. मी धावत गेले. सातव्या नदीला खुरप्यानं चर काढून ती थेट राक्षसांच्या मुलखात नेलेली होती. वर घागरभर पाणीही ओतलेलं होतं. तबेल्यांचा चिखल झाला होता आणि काड्यापेट्या उताण्या पडल्या होत्या. आत आत्याबाईंचं भाकरी थापणं शांतपणे चालूच होतं.

मामंजी चराशी उकिडवे बसले. मग त्यांनी स्वतः तांब्याभर पाणी आणून ओतलं. पाणी कुठेही न अडता सरळ उगवतीला गेलं.

"उतार बराबर धरलाय," ते मला म्हणाले. मग आवाज चढवून थेट चुलीकडे, "अगं, तबेला तेवढा सोडायचा की!"

"तबेला सखल जागी कुनी बांधला?" आतून उत्तर आलं.

मामंजींनी गुपचूप तबेला हलवला.

मला सगळी कादंबरी नव्यानं लिहावी लागली. पहिल्या पानावर उडत येणारा राजपुत्र आता नव्वदाव्या पानावर यायला लागला, कारण त्याआधी तबेले, खत आणि पाट उरकायचे होते. राजकन्येला पळवायला कुणी उरलं नाही. राक्षस पाण्याच्या पाळीवरून भांडण्यात गुंतले होते.

मी बाड पुण्याच्या एका मासिकाला धाडलं. संपादकांचं कार्ड आलं की कल्पना रम्य आहे, पण लिदीचं प्रकरण गाळावं आणि राजपुत्र लवकर आणावा. मामंजींनी ते दोनदा वाचून घेतलं. "लीद ऱ्हाऊ दे. राजपुत्रच गाळ."

मी गाळला आणि बाड पुन्हा धाडलं. संपादक कंटाळले असावेत. त्यांनी राक्षसांकडे पाणी पोचतं तेवढा एक भाग छापला, तोही विनोदाच्या सदरात. मी तो अगदी जीव ओतून, गंभीरपणे लिहिला होता. त्या दुपारी मी रडले आणि जेवलेही नाही.

यजमान रजेवर आले तेव्हा त्यांनी तो भाग सोप्यात मोठ्यानं वाचला. पाळीचं भांडण आलं तसे ते हसायला लागले, मग मामंजी हसले आणि शेवटी मलाही राहवेना. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"पानी आलं, त्यात हसन्यासारखं काय हाय?"

त्या माझ्याकडे वळल्या. "मग पेरलं काय त्यांनी?"

"ऊस," मामंजी म्हणाले.

एकटा ऊस सगळी नदी पिऊन टाकील, अशा नजरेनं आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तशी मी घाईनं "शाळू" म्हणाले.

"शाळूच बरा," असं म्हणून त्या चुलीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळवाच्या पेरणीचा भाग लिहून काढला. तो कुठेच छापून आला नाही.