शॉट संपल्यावर हसायचं

अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा भगवान रोकडे पंचेचाळिशीत होते. भीमजयंतीच्या नाटकांतून कामं केलेली, चेहरा शांत, आवाज खणखणीत. ओळखीने एका मालिकेत हवालदार झाले आणि मग काम मिळत गेलं: वकील, पोस्टमन, नवरीचा बाप. साठी ओलांडल्यावर मात्र त्यांना बहुतेक वेळा मरायचंच काम येई. श्वास रोखून पडून राहणं त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कापड घ्यायला गेले की सिंधी दुकानदार गल्ल्यावरून म्हणे, "अरे रोकडेजी, आप तो परसों मर गये थे ना?"

सेटवर एक रीत असते. मेलेल्याचा शॉट झाला की त्या नटाने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तोवर कॅमेरा बंद करत नाहीत. मरण नटाच्या मागोमाग घरी जाऊ नये, म्हणून.

बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी, त्यांच्या पत्नी शालनताईंनी हे ऐकून नाक मुरडलं होतं. "आपण असलं काही मानत नाही." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "पण हसलात ना?"

पुढे प्रत्येक मरणानंतर हाच प्रश्न. भगवानराव चपला काढता काढता म्हणायचे, "हसलो गं."

गेल्या हिवाळ्यात शालनताई गेल्या. पुण्यानुमोदनाचा विधी झाला. मुलगा बुद्धभूषण म्हणाला, "बाबा, आता बस करा." पण रिकाम्या घरात बसवेना. अशात काम आलं: तिरडीवरचे आजोबा.

शॉट पहिल्याच खेपेला झाला.

"हसा, रोकडे," कॅमेऱ्यामागून शंकरराव म्हणाले. जुनी ओळख.

भगवानराव वर बघत पडून राहिले. ओठ हलेनात.

"राहू द्या, शंकरराव. घरी विचारणारं कुणी नाही आता."

शंकररावांनी बाकीच्यांना जेवायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसले. "मला घाई नाही."

"उगाच बसलाय तुम्ही. आपण असलं काही मानत नाही."

बोलून गेल्यावर भगवानरावांच्या ध्यानात आलं, हा ठसका आपला नव्हे. शालनचा. आणि तिचं पुढचं वाक्य, भाकरी उलटल्याच्या आवाजासकट, आपसूक कानात आलं.

नाकात कापूस, अंगावर पांढरी चादर, तसेच ते हसले. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं.

शंकररावांनी कॅमेरा बंद केला.