अव्वाची बोली
काल दवाखान्याच्या जिन्यात फिनेलचा वास आला आणि माझं डोकं तडकलं. चाळीस वर्षं झाली, तरी त्या वासानं तसंच होतं.

मी अकरा वर्षांची होते. पोटात कळा येत होत्या म्हणून अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, आम्ही मैंदर्गीहून एसटीनं सोलापूरला आणलं होतं. आमच्या घरात कन्नड, शाळेत मराठी. अव्वा शाळेत गेलीच नव्हती. कर्नाटकात इंडीला मामाकडे गेलो की तिथली पोरं आम्हालाच 'मराठी मंदी', म्हणजे मराठी माणसं, म्हणायची.

पोट घट्ट धरून अव्वा डॉक्टरांना म्हणाली, "होट्टी ब्यानी, साहेब."

डॉक्टरांनी तिला तपासलंही नाही. "महाराष्ट्रात राहता ना? मग मराठीत सांगा की! का कर्नाटकातून आलात?"

बाकावरची माणसं हसली. अव्वानं माझ्याकडे पाहिलं. आईचं पोट दुखतंय, एवढंच मला सांगायचं होतं. पण मी ताठ उभी राहून म्हणाले, "नाही, आम्ही मराठीच आहोत."

"मग ही कोण?"

अव्वा कण्हत खाली बसली, तेव्हा कुठं माझ्या तोंडून तिचं दुखणं बाहेर पडलं.

अपेंडिक्स होतं. ऑपरेशन झालं, अव्वा वाचली. त्या डॉक्टरांचा मला संताप येतोच. पण ती कळवळत असताना मी आधी स्वतःचं मराठीपण शाबीत करत बसले, त्याचा जास्त येतो. त्यानंतर कधी सोलापूरला आलो, तरी अव्वा कुणाशीच बोलली नाही. दुकानात गेली तरी हव्या त्या वस्तूकडे नुसतं बोट दाखवायची.