मान वर, रतन!

दुपारी जेवून जरा आडवी होते. आज सोमवार, पोहण्याच्या तलावाला सुट्टी. डोळे मिटले तरी प्राजक्ताचा आवाज कानात चालूच. "काकू, मान खाली! मान वर काढली की पाय बुडतात, किती वेळा सांगू?" ही आमची कोच, माझ्या लेकीच्या वयाची. उद्या चाचणी आहे. न थांबता चारशे मीटर फ्रीस्टाइल जमलं तरच मालवणच्या समुद्रात पोहायला नेणार. माझा दम शंभरातच संपतो.

कूस बदलते तर उशी गारढोण लागते. उशी कुठली, तलावाची फरशी आहे ती. आणि काठावर पाण्यात पाय सोडून दौलतमामा बसलेत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. जाऊन नऊ वर्षं झाली माणसाला, पण नजर तशीच खोडकर.

"काय रतने, म्हातारपणी डुंबाय लागलीस व्हय?"

"डुंबत नाही, पोहते! आणि तुमच्यामुळंच अडलंय सगळं." मी तिथंच सुरू होते. "'मान वर, मान वर' करून डोक्यात बसवलंत. आता मान खालीच जात नाही माझी."

"मग? विहिरीत म्होरं दगड हाय का साप हाय, बघाय नगं?"

पाणी हिरवं होत जातं. शिडीच्या जागी दगडी पायऱ्या आहेत. ही तर आमच्या मळ्यातली विहीर, आणि मी बारा वर्षांची. तरंगायला पाठीला बांधायचा तो डबा नुकताच सुटलाय, हात मारतेय. सगळं गाव म्हणायचं, पोरीनं मान खाली घालून चालावं. हा एकटा माणूस काठावरून ओरडायचा, "मान वर, रतन!" काय बरं वाटायचं ते ऐकून.

पायऱ्यांवरून आई उतरते. माझी वेणी धरते आणि वर ओढते. "मोठी झालीस आता. बास झालं पोहणं." मी मामांकडं बघते. मामा स्वतःच्या पायांकडं बघतात.

"हेच!" मी ओरडते. पण उभी आहे आईच्या स्वयंपाकघरात, गुडघाभर पाण्यात, आणि मामा चुलीपुढं भाकरी मोडतायत. "हेच विचारायचंय मला. मला मान वर ठेवायला सांगत होतात ना? मग आई ओढून नेत होती तेव्हा तुमची मान कुठं होती?"

मामा भाकरी खाली ठेवतात.

"खाली हुती."

"का पण?"

"बहिणीला भ्यालो. गावाला भ्यालो. भित्रा हुतो, रतने."

एवढंच? चाळीस वर्षं मी कारण शोधतेय, आणि कारण काय तर हे! माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बोलायला तोंड उघडते तर मामा हात वर करतात.

"हितं नगं. पाण्यात बोल."

"काय?"

"तोंड पाण्यात घाल, आन काय शिव्या द्यायच्यात त्या तिथं दे. सगळा वारा सोड. मग मान उचलायची न्हाई, नुस्तं कुशीवर वळायचं आन दम घ्यायचा. तुझा दम संपत न्हाई, पोरी. जुना तू सोडतच न्हाईस. नवा जाणार कुठं?"

पाणी छातीपर्यंत चढलंय. मी तोंड घालते. भित्रे! बुडबुडेच बुडबुडे. वळते, दम घेते. गप्प का बसलात? वळते. एक शब्द तरी बोलायचात आईला! हात चालतायत, पाय आपोआप वर आलेत. विहीर आहे, तलाव आहे की समुद्र, कळत नाही. मामा काठाकाठानं माझ्याबरोबर चालतायत. एका शब्दानंही अडवत नाहीत, सगळं ऐकून घेतायत.

डोळे उघडतात. दारात आमचे हे, चहाचा कप घेऊन.

"कुणाला एवढं झापत होतीस?"

उजव्या कानाला दडा बसलाय. मान कलती करते तर कोमट पाणी उशीवर ओघळतं. बोट लावून वास घेते. क्लोरिनचा नाही, शेवाळाचा आहे.

"मामांना," मी म्हणते. "आणि संपलं नाही अजून. उद्या चारशे मीटर पुरेल एवढं शिल्लक आहे."