गुलाबचा डावा पाय

बोरगाव मेघेतला गुलाब नव्वदचं सगळं दशक वर्धा-हिंगणघाट रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत होता. आत माणसं, टपावर गाठोडी, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे-चौघे, आणि त्यातही त्याची गाडी कधी कुणाला घासली नाही. डावा पाय क्लचवर, डावा हात गिअरवर. दोघांना काही सांगावं लागत नसे.

जीप म्हातारी झाली, मालकानं विकून टाकली. त्याच सुमारास, दोन हजार चार साली, शेजारच्या गल्लीतल्या शकुंतलाबाईंनी त्याला बोलावलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या यजमानांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी बिनक्लचची लहान गाडी घेतली होती. यजमान गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. बाईंची बहीण विमलाबाई हिंगणघाटला आजारी होती. दर आठवड्याला तिच्याकडे जायचं होतं.

गुलाबनं दार उघडून खाली पाहिलं. पायाशी दोनच पॅडल होते. ब्रेकचा पॅडल चांगला वीतभर रुंद.

"बाई, हे तं लेकराची गाडी दिसते," तो हसून म्हणाला. "गिअर कोण बदलवते?"

"तीच बदलते. तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा."

पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या. तिसऱ्या खेपेला, हिंगणघाटच्या अलीकडे, रस्त्यावर शेळ्या आल्या. गुलाबनं वेग कमी केला आणि गिअर उतरवायला त्याचा डावा पाय सवयीनं क्लच शोधत पुढे गेला. क्लच नव्हताच. पाय पूर्ण जोरानं त्या रुंद ब्रेकवर पडला. गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थिजली. बाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, चष्मा फुटला. मागून कापसानं फुगलेला ट्रक येत होता. त्याचा हॉर्न गुलाबच्या कानातच वाजला. ट्रक आरसा उडवून शेजारून गेला आणि पुढे रस्त्याखाली उतरून धुळीत थांबला. ट्रकवाला उतरून शिव्या देत होता. गुलाबला त्यातली एकही ऐकू आली नाही. तो आपल्या डाव्या पायाकडे पाहत होता. पाय अजून ब्रेकवरच दाबलेला होता.

घरी जेवायला बसला तर घास हातात तसाच. बायको मीराबाईनं विचारलं, "काऊन जी, हात काऊन थांबून राह्यला?"

"हाताचं काई नाई. पाय माह्यं ऐकत नाई."

"मंग सोडून द्या ना ते गाडी."

"आन् लोकायले काय सांगू? जीपवाला गुलाब लेकराच्या गाडीले भ्याला म्हणून?"

त्यानं सोडली नाही. डावी चप्पल काढून तो पाय सीटखाली दुमडून बसू लागला. पोटरीला मुंग्या येत, तरी पाय बाहेर काढायची हिंमत होत नसे. समोर बैलगाडी दिसली, सायकल दिसली, की दुमडलेली बोटं आपोआप खाली दाबली जात. ती हालचाल त्याला कळे आणि पाठीला घाम सुटे. शकुंतलाबाई आता मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसत.

एका सकाळी विमलाबाईंच्या फाटकापाशी तो थांबला. फाटक बंद होतं. गुलाबनं गिअरचा दांडा मागे ओढला. जीपचा दांडा मधे आला की न्यूट्रल, तेवढंच हाताला माहीत होतं. या गाडीचा दांडा मागे ओढला तरी ती गिअरमध्येच राहते आणि ब्रेकवरचा पाय निघाला की आपोआप पुढे सरकू लागते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. इंजिन चालू ठेवून तो उतरला आणि फाटक उघडायला गेला. अंगणात विमलाबाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय चादरीत गुंडाळलेले.

"आली का शकू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला.

गुलाबनं वळून पाहिलं. गाडी येत होती. ड्रायव्हरची सीट रिकामी, मागे शकुंतलाबाई, आणि गाडी माणसाच्या चालीनं, फारसा आवाज न करता फाटकातून आत येत होती.

तो तिच्या पुढ्यात उभा राहिला. दोन्ही तळहात बॉनेटवर टेकवून त्यानं सगळं अंग लावलं. गाडी थांबेना. ती त्याला ढकलत राहिली. चपला मुरमावरून घसरत होत्या. मागे विमलाबाई उठायची धडपड करत होत्या आणि चादर पायात गुंतत होती.

"बाई, ब्रेक! हातानं ओढा, हातानं!"

शकुंतलाबाई दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या. साडी कुठे अडकली, फाटली. त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी उपसल्यासारखा वर ओढला. गाडी कुरकुरत थांबली. गुलाबच्या पाठीला खुर्चीचा हात टेकला होता.

गुलाबनं आत हात घालून इंजिन बंद केलं. मग किल्ली काढून शकुंतलाबाईंच्या हातात दिली.

"मले नाई जमत, बाई. आज तुमच्या बहिणीले मारलं असतं म्या."

"मग चालवायची कोणी?"

"ज्याले जीपची आदत नाई, त्यानं."

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण परत जायचं होतंच. त्या दिवशी हिंगणघाटच्या एका ओळखीच्या माणसानं ती गाडी चालवत दोघांना बोरगावला आणून सोडलं. पुढच्या आठवड्यात बोरगावच्या मोकळ्या मैदानात शकुंतलाबाई स्वतः स्टिअरिंगपुढे बसल्या आणि गुलाब शेजारी.

तिथे बसून त्याला पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटली. पायाशी काहीच नव्हतं. बाई मात्र उजव्या पायानंच दोन्ही पॅडल चालवायच्या आणि डावा पाय शाळेत खुर्चीवर बसल्यासारखा स्वस्थ ठेवायच्या. त्या पायाला क्लचची सवय कधी नव्हतीच, म्हणून तो कधी हललाच नाही. पावसाळा संपता संपता त्यांना लायसन मिळालं आणि त्या एकट्या बहिणीकडे जाऊ लागल्या. गुलाब दुसऱ्या मालकाच्या जीपवर लागला.

पुढे बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. त्यांनी गुलाबला विचारलं. तो लगेच हो म्हणाला. पण सकाळी दारात आला तो ओळखीच्याची क्लचवाली गाडी घेऊन.

"आमची उभी होती ना?" बाई म्हणाल्या.

"राहू द्या तिले," गुलाब म्हणाला. "डाव्या पायाले काम असलं म्हणजे जीव थाऱ्यावर राह्यते."

बाई मागे बसल्या. त्यानं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि दोघं नागपूरच्या रस्त्याला लागले.