सगुणाबाईंची खुरपणी

अंगणात तण उभं दिसलं की चुडाव्याच्या सगुणाबाईंना घास गोड लागत नाही. तीस वर्षं त्यांनी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, रोपं काढून पुन्हा लावली. हात असा बसला, की साधं तणसुद्धा मुळासकट, मातीच्या गोळ्यासह अलगद वर यायचं. बाया चिडवायच्या, “सगुणा, तणाचं बारसं करायलीस का?” पण सवय गेली नाही.

त्यांचा सिद्धोधन चार वर्षं अंदमानात बोटींचा मिस्त्री होता. तिथल्याच अर्पिताशी लग्न करून तिला घेऊन आला आणि जवळच्या पूर्णा गावात कामाला लागला. पोरगी गुणाची, पण लय गप्प. स्टेशनात गाडी वाजली की हातातलं काम टाकून तिकडं बघत बसायची. आई लग्नाआधीच वारलेली. आईच्या अंगणातल्या जास्वंदीच्या, बोगनवेलीच्या फांद्या आणि कसल्याशा बियांची पुडी तिनं सोबत आणली होती. न्हाणीमागं वाफा केला होता. “हे जगलं तर मीपण इथं राहीन,” असं ती नवऱ्याला म्हणाल्याचं सगुणाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

एके दिवशी अर्पिता सकाळीच पूर्णेला गेली आणि सासूबाईंनी मदत म्हणून खुरपं काढलं. जास्वंद ओळखीची, बोगनवेल ओळखीची. त्यांना धक्का लावला नाही. मधे मात्र रानातल्या पेटारीच्या झुडपासारखं रुंद पानांचं तण माजलेलं. एकूण एक उपटलं. संध्याकाळी शेळीला ताजं मिळावं म्हणून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलं. बाकीचा कचरा उकिरड्यावर.

दुपारी अर्पिता आली, वाफा बघितला आणि तिला रडूच फुटलं.

“आई, ते तण नव्हतं. समुद्रकाठची जास्वंद होती. तिचं फूल सकाळी पिवळं, संध्याकाळी लाल. माझ्या माँनं बी जमवलं होतं.”

सगुणाबाईंनी रिकाम्या वाफ्याकडं पाहिलं. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच! बोगनवेल काय, जास्वंद काय, मुळात कुठल्या कुठल्या देशांतून आलेली झाडं त्यांना घरची वाटली होती, आणि सुनेच्या समुद्रकाठची खरी घरची तेवढी त्यांनी उपटली होती.

“रडू नको, पोरी. शेळीच्या तोंडात अजून गेलं न्हाई.”

पोतं उचललं. एकूण एक रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासह होतं. दोघींनी मिळून ती परत लावली आणि वर जुन्या लुगड्याची सावली केली. दोन दिवस पानं माना टाकून होती. सगुणाबाईंना भाकर गेली नाही. तिसऱ्या सकाळी सगळी ताठ उभी! त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.

अर्पिता मात्र वाफ्यात काहीतरी शोधत होती.

“आई, कोपऱ्यातली ती दोन कुठं? गाजरासारख्या पानांची? मी त्यांना रोज पाणी घालत होते.”

“अगं बाई! ते गाजरगवत! सारं गाव उपटून उपटून बेजार झालंय, अन् तू पाणी घालायलीस?”

अर्पितानं आधी रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग हसायला लागली ती पोट धरून. घरात तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकू आलं.

तेवढ्यात स्टेशनात गाडी वाजली.

“आई,” अर्पिता तिकडं न बघताच डोळे पुसत म्हणाली, “ते गवत मला एकदा नीट दाखवा. पुढच्या वेळी मीच उपटीन.”