पुढचं विमान

लग्न ठरवताना तिनं सांगितलं होतं, "मला विमान शिकायचंय. मागून कळलं म्हणून नाराज होऊ नका." ती पालमची, शेतकऱ्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली. मी मानवतला कॉलेजात भूगोल शिकवतो. मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण लग्नानंतर ती खरंच दूरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाली आणि भावकीत माझी ओळख 'बायकोला उडवायलेला मास्तर' अशी झाली.

ती सुटीवर आली की सराव गच्चीवर चाले. खडूनं रनवे आखायचा. उतरण्याआधी विमान रनवेला वळसा घालतं, त्याला सर्किट म्हणतात. ती पाण्याच्या टाकीभोवती चालत सर्किट करायची, मी जिन्यापाशी खुर्ची टाकून टॉवर व्हायचो. ती आपली जागा कळवायची, मी उतरायची परवानगी द्यायचो. आई वाळत घातलेल्या कुरडया बाजूला ओढून म्हणायची, "ने बाई तुजं इमान."

फ्लाइंग स्कूलमध्ये तिच्या खोलीत वालूरची एक मुलगी होती. जिल्हा एक, म्हणून दोघी बहिणीसारख्या. आमचं फोनवर बोलणं चालू असलं की ती मागून ओरडायची, "टॉवरदाजी, आमाला बी परवानगी द्या की." तिला मी कधी पाहिलं नाही. आवाजच तेवढा ओळखीचा.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ती मुलगी एकटीच विमान घेऊन वर गेली आणि परत आली नाही. विमान शेतात पडलं होतं.

बायको घरी आली. कपडे धुतले, भाकरी थापल्या, कुणी विचारलं तर "हो, वाईट झालं" एवढंच म्हणाली. बरेच दिवस विमानाचं नाव नव्हतं. मग एका संध्याकाळी तिनं स्वतःच खडू घेतला. मला बरं वाटलं. खुर्ची घेऊन मी मागोमाग गच्चीवर गेलो.

ती टाकीला वळसा घालून आली आणि शेवटच्या वळणावर थांबली. मी परवानगी दिली. ती तिथंच उभी. मी पुन्हा म्हणालो, "रनवे मोकळा आहे."

"न्हाई," ती म्हणाली. "ती पुढं हाय. आधी तिला उतरू द्या."

आई मिरच्या गोळा करत होती. ती टोपली उचलून खाली निघून गेली.

पुढं रोज तसंच. त्या वळणावर ती उभी राहायची, खडूच्या रिकाम्या रेघांकडे बघत. मग एकदम मान हलवून पुढं यायची. मी समजावलं नाही. उलट मीच थांबायला लागलो. परवानगीचे शब्द ओठावर आले की वाटायचं, आता मागून तो आवाज येईल. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा असतानाही मला 'दाजी' ऐकू आलंय. मागं वळलो, तर पोरं मुकाट्यानं लिहीत होती.

शेवटी मी विचारलं. ती पाय मुडपून गच्चीवरच बसली.

"आमी दोघी सर्किटमध्ये होतो, आपापल्या विमानात. ती पुढं, मी मागं. धुरकट होतं. टॉवर म्हणाला, पुढचं विमान उतरू दे, मग तू ये. मी बघायले, बघायले, रनवे रिकामाच. मग मला लांब घिरट्या घालत थांबायला सांगितलं. का, ते कुणी सांगंना." खडूची रेघ बोटानं पुसत म्हणाली, "ती उतरली असं मला कुणी म्हणलंच न्हाई. म्हणून ती अजून पुढंच राहतीया."

मी म्हणालो, "वालूरला जाऊन येऊ."

सेलूहून एसटीनं गेलो. त्या मुलीच्या आईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. मग हिच्या शेजारी बसून विचारत राहिली. आत बसल्यावर काय दिसतं? आवाज लय होतो का? पोरगी भ्यायची का? ही सांगत गेली. ती भ्यायची नाही, गाणी म्हणायची, हे सांगताना ही पहिल्यांदा रडली.

निघताना माउलीनं मला ओसरीवर थांबवलं. "मास्तर, तुमी हिला परत पाठवणार का?"

हिनं अजून मला काही सांगितलं नव्हतं. पण मला माहीत होतं. "जाते म्हणाली तर पाठवणार," मी म्हणालो.

माउली माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं.

ही परत गेली. पुढं तिला लायसन्स मिळालं. त्या वळणावर अजून थांबतेस का, हे मी विचारलेलं नाही. वालूरला मात्र मी अधूनमधून एकटा जातो. माउली चहा करते, पिकापाण्याचं बोलते, हिची खुशाली विचारते. कधी फार उंचावरून एखादं विमान जातं. तेव्हा ती कप खाली ठेवते, आणि आवाज विरेपर्यंत आम्ही दोघंही वर बघत नाही.