उकडलेला गहू

शाळाशाळांतून विज्ञानाची पेटी फिरवण्यात रुमेनाचे केस पांढरे झाले होते. पेटीत मुलांची पुस्तकं, भिंगं, लोहचुंबक आणि बियांच्या बरण्या. शिक्षकांना प्रयोग शिकवताना ती दम भरायची, "आधी बघा, मग बोला. पोरांशी खोटं बोलाल तर पेटी उचलून नेईन!" स्त्रांजाच्या डोंगरातले मास्तर तिच्या पाठीमागे तिला फौजदार म्हणत, आणि त्यात काही चूक नव्हती.

वरच्या गावचे गेन्चो मास्तर वारले, शाळेला कुलूप लागलं, म्हणून ती पेटी न्यायला गेली. शाळेच्या दारावर मास्तरांच्या निधनाचा फोटोसकट कागद डकवलेला होता, धुक्याने भिजलेला. त्यांची बायको त्सोना आजी गळ्यात किल्ली अडकवून पायरीवर बसली होती. लेक तिला उद्या खाली बुर्गास शहरात नेणार होती. त्या ओसाड पडत चाललेल्या गावात म्हातारीने एकटीने हिवाळा काढायचा म्हणजे मरणाला आवतणच.

"मी नाही जायची," आजी म्हणाली. "हे परत आलेत."

"कोण?"

"तूच बघ, पोरी."

आत मास्तरांच्या टेबलावर एक बशी होती. बशीत बोटभर उंचीचे हिरवेगार कोंब.

"ह्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा, मेलेल्याच्या नावाने वाटायचा गहू. मीच उकडला. साखर, अक्रोड, दालचिनी घालून गावाला वाटला. ह्यांच्या वाट्याचा इथे ठेवला न् कुलूप घातलं. आज आठवड्याने उघडते तर हे!" आजीने तिचं मनगट धरलं. "तुझी पुस्तकं काय म्हणतात? उकडलेला गहू उगवतो?"

रुमेना बशीवर वाकली. हाच तर पुस्तकातला पहिला प्रयोग! एका बशीत कच्चा गहू, दुसरीत उकडलेला; उगवेल कुठला? गेन्चो मास्तर दरवर्षी तो करून दाखवत. तिने पेटीतली गव्हाची यंदाची बरणी काढली. झाकणावरचं मेण जसंच्या तसं होतं; त्यातला कच्चा दाणा कुणी घेतला नव्हता.

मग तिने मुळासकट एक दाणा उपटून तोंडात टाकला. गोड लागला. कोंब फुटला की दाणा गोड होतोच, तिने स्वतःला बजावलं आणि दुसरा चावला. दाताखाली अक्रोडाचा कण आला, नाकात दालचिनी भरली.

आजी टक लावून बघत होती. "उगवत असेल तर हे मला थांब म्हणताहेत. खरं सांग. तू खोटं बोलत नाहीस."

रुमेनाने तोंडातलं गिळलं. "कच्चा आहे, आजी. डोळ्यांनी दगा दिला तुला, कच्चाच ठेवलास. जा लेकीकडे."

म्हातारी मटकन बाकावर बसली आणि हमसाहमशी रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने गळ्यातली किल्ली काढून दिली.

मला विचाराल तर ते खोटं पुण्याचंच होतं. पण पुण्य करणाराला झोप लागतेच असं नाही.

रुमेना अजून पेटी फिरवते. गहू मात्र हल्ली दोनदा उकडते. आठवड्याने त्या बशीवरचं झाकण काढायची वेळ आली की म्हणते, "तुम्हीच बघा, बाळांनो," आणि पोरं काही बोलेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहते.